उताराला चालत

पहाटे सव्वापाचला समर्थ मंदिराशी थांबायचं.
पेट्रीकडून येणारी दुधाची मोटारसायकल
किटल्या वाजवत खाली जाऊ द्यायची.
मग तुझ्या बुटाच्या नाड्या मी आवळायच्या
आणि तू म्हणायचं, घट्ट झाल्या बाबा.
रोज.

तू त्यांना पट्ट्या म्हणतेस.
खिडक्यांच्या उरलेल्या ॲल्युमिनियमच्या,
कोडोलीत रझाक मिस्त्रीने जोडून दिल्या.
चाकं दवाखान्यातल्या मोडक्या स्ट्रेचरची.
पैसे घेताना तो म्हणाला,
सुभेदार, बर्फ कुठं पडायचाय आपल्याकडं?
मी म्हटलं, डांबर आहे की.
आईने पट्ट्यांना हळदकुंकू लावलं,
उलटसुलट करून पाहिलं,
आणि विचारलं, ह्याला ब्रेक कुठाय?
या खेळात ब्रेक नसतो, एवढंच मी म्हणालो.
दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

काठ्या मी लगेच देणार नव्हतो, साजिरी.
मला पहिल्याच दिवशी दिल्या होत्या, वर, पलटणीत,
आणि महिनाभर मी त्यांच्यावर
म्हातारा रेलतो तसा रेलत होतो.
आधी एक पाय.
नाक गुडघ्यावर, गुडघा अंगठ्यावर,
सगळी साजिरी उजव्या पायावर.
जाईल तितकं जाऊ दे. मग डावा.
मध्येच उभी राहिलीस की कुठलीच नाहीस.

पडायचं कसं, ते तू मला न विचारता शिकलीस,
तिसऱ्या वळणावरच्या गवतात,
कोपर आणि हसू एकदमच फुटलं.

बर्फ कसा असतो, तू विचारलंस.
गोळेवाल्याचा नव्हे. फ्रीजच्या कप्प्यातला तर नव्हेच.
सांगता येईना.
शेवटी स्वयंपाकघरातून कॉर्नफ्लॉवरचा डबा काढला,
म्हटलं, चिमटीत दाब. ऐकू येतंय?
पायाखाली असा आवाज येतो, फार थंडी असली की.
तू डोळे मिटून अर्धा तास दाबत बसलीस.
फ्रॉक पांढरा, फरशी पांढरी,
भुवईसुद्धा.

घाटात पळायला येणारे विचारतात,
किती किलोमीटर झाले? टायमिंग काय?
पूर्वी मी सांगायचो.
दिवाळीनंतर एकदा, घड्याळ मुठीत धरून,
मी तुझ्यावर परेडच्या आवाजात ओरडलो.
वीस सेकंदांसाठी.
तू थांबलीस. पट्ट्या काढल्यास.
कठड्यावर बसून बिस्किटांचा पुडा फोडलास
आणि सगळी खाल्लीस, एकेक,
मला एकही न देता.
धुकं खालून वर येत होतं, आपण दोघं गप्प.
तेव्हापासून घड्याळ टीव्हीवर असतं.

फेब्रुवारीत वर जायचंय.
मुलांची दोन किलोमीटर.
तिकडच्या पोरी चालायला शिकल्या त्याच मुळी बर्फावर.
तू शेवटून पहिली येशील बहुतेक.
हे मी आधीच सांगून ठेवतोय,
मला. तुला नव्हे.
तू तर बॅगेत आत्तापासून
कॉर्नफ्लॉवरची पुडी टाकलीयस,
तिकडच्या आवाजाशी जुळवून बघायला.

यवतेश्वरला पोचलो की मागे वळायचं.
खाली सातारा, अजून दिवे न विझलेला,
अजिंक्यताऱ्यावर टॉवरची लाल ठिणगी.
इथे एकच नियम, आईने घातलेला:
उताराला पट्ट्या काढून हातात.
चढ तुझा, उतार दोघांचा.
एक पट्टी तुझ्याकडे, एक माझ्याकडे,
आणि मधल्या वाटेत शाळेतलं काहीबाही.

आज तू दोन्ही खांद्यावर घेतल्यास.
मी हात पुढे केला, तो तुला दिसला नाही,
किंवा दिसला.
तुझ्यामागून चालत आलो बोगद्यापर्यंत.
चाकं अजून फिरत होती.
बाबा, तू वळून न पाहता म्हणालीस,
डावीकडचं कुरकुरतंय,
तेल घाला त्याला.