आच कमी कर

पहिल्या खेपेला गुलाबपाण्याला
तांबड्या रश्शाचा वास आला.
पातेलं रविवारचंच.
तीनदा घासलं, लिंबू चोळलं, उन्हात पालथं घातलं,
पण आमच्या पातेल्यांच्या मनातनं
कांदा-लसूण जात नाही.
तोंडाला लावलं, आणि दिवसभर
माझी मलाच भूक लागत राहिली.

मग पापाच्या तिकटीवरनं नवं पातेलं आणलं,
साडेतीनशेचं, घासाघीस करून तीनशेला.
भवानी मंडपाशी हौसाबाई बसते.
दिवस कलला की तिच्या टोपलीत
देठ मोडलेले गावठी गुलाब उरतात.
"देवीला चालत न्हाईत, तुझ्या तोंडाला चालतील,"
म्हणाली, आणि दोन मुठी जास्तीच्या दिल्या.

पाकळ्या धुतल्या.
एक मुंगी निघाली, तिला खिडकीत सोडली.
पातेल्यात मधोमध पालथ्या ताटलीवर वाटी,
भोवती पाकळ्या, बुडतील एवढंच पाणी,
वर झाकण उलटं, झाकणावर बर्फ.
वाफ वर जाणार, गार होणार,
आणि थेंब होऊन वाटीत उतरणार.
वहीत लिहून ठेवलेलं, सगळं तसंच केलं.

बाबा दारात उभा.
तीस वर्षं उद्यमनगरात भट्टीपुढं,
डावा गाल उजव्याहून काळा,
भुवया असून नसल्यासारख्या.
"काय गाळायलीस? हातभट्टी?
शेजारी वास गेला तर पोलीस येतील."
मी म्हटलं, तोंडाला लावायचं पाणी आहे.
"तोंडाला पाणी नळाला येतंय की."

आणि गेला नाही.
चप्पल काढली, वाकला, ज्योतीकडं बघितलं
जसा कारखान्यात बघत असेल,
नुसत्या रंगावरनं
लोखंड ओतायला झालं की नाही सांगणारा माणूस.
"आच कमी कर.
पाकळ्या करपल्या तर पाण्याला धुराचा वास येईल."
त्यानंच कॉक फिरवला,
ज्योत निळी झाली, जवसाच्या फुलाएवढी.

मग तासभर तिथंच.
बर्फ वितळला की ओतून द्यायचा,
नवा ठेवायचा, हे त्यानं स्वतःकडं घेतलं.
एकदा झाकणाला कान लावला.
"पडायलंय," म्हणाला.
त्या तासात आम्ही एवढंच बोललो,
आणि एकदा, सोमवारी सुट्टीला
मोटर दुरुस्त करायची आहे, एवढं.

वाटीभर निघालं.
खोकल्याच्या औषधाची बाटली उकळून घेतली,
तिच्यावर चिठ्ठी चिकटवली,
तारीख, आणि खाली: आठ दिवसांत संपवणे.
फ्रिजमध्ये ठेचा एका बाजूला, ही दुसऱ्या बाजूला,
मधे दुधाच्या पिशव्या, सीमेवरच्या शिपायासारख्या.

तिसऱ्या दिवशी बाटली अर्धी.
मी तर सकाळ-संध्याकाळ कापसाचा एकेक बोळा वापरलेला.
आई म्हणाली, मला काय विचारतेस,
मी हळदीच्या पलीकडं कधी गेले नाही.
झाकण गच्च होतं. उडून जाण्यासारखंही नव्हतं.

रात्री पाळी संपवून बाबा आला,
पाणी प्यायला फ्रिज उघडला,
जरा जास्त वेळ उघडा ठेवला.
माझ्या शेजारनं गेला तेव्हा
घाम, वंगण, वाळू,
आणि त्या सगळ्याखाली कुठंतरी
हौसाबाईची टोपली.

मी वहीतनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्याच्या पिशवीत
एक छोटी बाटली सरकवली, चिठ्ठी न लावता.
कुणी विचारलं असेल तर काय सांगितलं असेल?
डोळ्यांचं औषध, असं काहीतरी.
भट्टीवरची माणसं एकमेकांना
एवढी खोटी औषधं चालवून घेत असतील.

सोमवारी मोटर दुरुस्त झाली नाही.
बाबा बाजारातनं आला तो
मेथीच्या जुडीत खुपसून
मुळ्यांची एक बारकी गड्डी घेऊन, मातीसकट.
ओट्यावर टाकली, हात धुतले,
आणि माझ्याकडं न बघता म्हणाला,
"वाळा आहे. गार असतोय म्हणं.
पुढल्या खेपेला टाकून बघ.
आच मात्र मी लावणार."