एक जून

तिथं घरात शिरलं की डाव्या हाताला संडास,
आणि संडासात, बसल्यावर समोर येईल असं
एक लांबट कॅलेंडर. वार नाहीत, सण नाहीत,
नुसत्या तारखा आणि तारखांपुढे माणसं.
"अगं, देवाजवळ लावायचं सोडून इथं?"
शर्मिष्ठा हसली.
"इथं रोज बघणं होतं, आई. तुझी तारीख सांग."

माझी तारीख.
कडोलीच्या शाळेत नाव घालताना मास्तरांनी
अर्ध्या गावाला एक जून वाटला होता.
आई म्हणायची, रताळी काढूलालो होतो, तवा झालीस.
दसऱ्याच्या आधी की नंतर, तिला कधी आठवलं नाही.
म्हटलं, लिही. एक जून.

नातवाला बघायला येणारे
फोन करून, वेळ ठरवून, सहाच्या आत परत.
सहाला त्यांची ताटं वाढतात
आणि ताटात बटाटे मोजलेले.
आमच्याकडे भर दुपारी आलेल्यानं
"जेवून आलोय" हे तीनदा म्हणायचं असतं
आणि तिसऱ्यांदा म्हणता म्हणता पाटावर बसायचं असतं.
तिथं मी एकदाच नको म्हटलं.
ताट आत गेलं.

शेजारी आफ्के. शहात्तर वर्षांची,
जावई तिला नुसतं आफ्के म्हणायचा.
मी मनातल्या मनात मागं बाई लावली.
तिच्या खिडकीला पडदा नाही,
दिव्याखाली ती एकटी विणत बसलेली
साऱ्या गल्लीला दिसायची, आणि कुणी बघायचं नाही.
मंगळवारी दहाला मला कॉफीला बोलावलं.
डबा उघडला. एक बिस्कीट. डबा मिटला.
मी ते बिस्कीट तासभर खाल्लं.

जावयाच्या वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडल्या.
येणारा प्रत्येक जण गोलभर फिरून हात मिळवी,
बायकोचं अभिनंदन, सासूचं अभिनंदन,
आफ्केबाईचंसुद्धा अभिनंदन.
माझं कशाचं ग?
शर्मिष्ठा कानाशी म्हणाली,
"तो तुझा आहे ना, म्हणून."
मी पदर सारखा केला.
बारशाला कितीदा गेले असेन जन्मात,
शेजारणीला कधी कुणी असं म्हटलेलं आठवेना.

निघायच्या दिवशी तिच्या दारात म्हटलं, "येतो."
आमच्या भागात बाईसुद्धा येतो म्हणते,
आणि जायचं असतं तेव्हाच म्हणते.
शर्मिष्ठेनं ते तिच्या भाषेत सांगितलं.
आफ्केबाईनं चष्मा लावला, डायरी काढली,
पेन धरून विचारलं,
कधी?

आज सकाळी मल्लाप्पानं सायकल दारात लावली.
घरी कानडी बोलतो, टपाल मराठीत वाटतो.
"आक्का, परदेशाचं हाय ओ."
कार्डावर एक बदक, आत चार ओळी,
त्याला नाही कळल्या, मला नाही.
फक्त एक आकडा, आणि जूनसारखं काहीतरी,
आणि खाली तिचं नाव, काटेकोर.
कडोलीत कुणालाच माहीत नव्हतं.
मलासुद्धा नव्हतं, खरं म्हणजे.

मी मल्लाप्पाला म्हटलं, "अभिनंदन."
"मला कशाला ओ?"
आता त्याला काय सांगायचं.
"आत ये, पोहे केलेत."
"नको आक्का, खाऊन आलोय."

हे झालं एकदा.
मी खोबरं किसायला घेतलं.