सात घड्यांचा कागद

गोळ्यांच्या खोक्यात एक कागद असतो.
कांद्याच्या सालीसारखा पातळ,
सात घड्या घातलेला,
उघडला की जेवणाच्या ताटाएवढा.
चौदा वर्षं तो मी न वाचता फेकला.
पट्टीवर दोन रेघा उमटल्या त्या सोमवारी मात्र
न्हाणीच्या कडाप्प्यावर पसरला,
वर मोबाइल धरला,
त्यानं जमेल तसं मराठी करून दिलं:
गर्भावर परिणाम होऊ शकतो.
पाठीचा कणा. टाळू. बुद्धी.
प्रत्येक ओळीच्या शेपटीला
शकतो, शकते, शकतं.

माझी फीट नववीतली.
वेंगुर्ल्याला, भूमितीच्या पेपरला, प्रमेय अर्धं सोडून.
तेव्हापासून सकाळी आठ, रात्री आठ.
लग्न ठरताना सांगितलं होतं सगळं.
सासरे म्हणाले, आमच्या होडीचं इंजिनपण
मधीच बंद पडतं की.
सगळे हसले. मीही.

जयवंतीकाकी सुकट उलटता उलटता म्हणाली,
"पोटात पोर आसताना गोळये खातंस?
पोराक बाधतला गो."
सासूबाई काही बोलल्या नाहीत.
त्या रात्री फक्त
पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकला नाही.

मग सकाळची एक, रात्रीची एक
मी मिठाच्या बरणीत खुपसत गेले.
खडेमीठ पांढरं, गोळ्या पांढऱ्या.
नऊ दिवस वाटलं,
आत्ता खरी आई झाले.

दहाव्या दिवशी निवतीच्या किनाऱ्यावर
बांगड्याचे वाटे घालताना
तोंडात तांब्याच्या पैशाची चव आली.
ती चव मी ओळखते.
"धरा" एवढंच म्हणता आलं.

मग आभाळ.
नाकाशी कुणाची तरी चप्पल.
चावलेली जीभ, गालाला खवलं,
आणि मला कुशीवर वळवून
पोटाखाली स्वतःचा हात घातलेल्या सासूबाई
अख्ख्या किनाऱ्यावर ओरडत होत्या,
"जोडो हुंगव नकात तिका! लांब व्हा!"
हे त्या कधी शिकल्या,
मी अजून विचारलेलं नाही.

कुडाळच्या अणावकर डॉक्टर रागावल्या नाहीत,
तेच जास्त जड गेलं.
त्यांनी आधी ठोके ऐकवले,
मग बांबोळीच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला.
"रसिका, दिवस राहायच्या आधीच यायचं होतं."
मला ठाऊक नव्हतं.
चौदा वर्षांत कुणी बोललंच नव्हतं,
जणू फीट येणाऱ्या मुलींना
फक्त फीटच येते.
"धोका गोळीत आहे, गोळी सोडण्यातही आहे.
शून्य असलेला रकाना माझ्याकडे नाही.
पण मनानं बंद करू नकोस. कधीच नाही."
गोळी बदलली, एक चढवत, एक उतरवत.
दुपारी एक पिवळी जास्तीची.
दर महिन्याला रक्त.

इथं होडीची उपमा आयती आहे,
बंदर, बावटा, वादळ येऊ शकतं वगैरे.
मला नको.
त्यावर एकदा हसून झालंय.

आता सातवा.
रात्री आठचा गजर व्हायच्या आधी
तांब्या समोर असतो.
मी गिळेपर्यंत सासूबाई हलत नाहीत,
मग विचारतात, "उतरली काय गो?"

ते झोपले की मी कागद काढते.
भीती गेली असं खोटं का सांगू?
बोट ठेवते त्या शेपटांवर,
शकतो, शकते,
तेवढ्यात आतून लाथ बसते.
बसू शकत नाही. बसते.

आणि त्या बरणीतलं मीठ?
समुद्रात नको, मासे खातील.
मी म्हटलं, माडाच्या मुळात घालू.
सासूबाई माडाकडे वर बघत राहिल्या,
पोय नुकती फुटली होती.
"नको गो," म्हणाल्या, "तोय गरवार आसा."
पिशवीला गाठ मारून
कुडाळच्या दवाखान्यात परत केलं
दीड किलो मीठ.