चौथं कलम

शिवाजीनगर कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानावर
पाटसकर वकिलांची खोली. जिना अरुंद.
मी दोनदा थांबले, गुडघ्यांना शब्द दिला
की हे शेवटचंच.

त्यांनी मसुदा वाचून दाखवला:
मी, सलोमी शांतवन रणभिसे, वय एकोणऐंशी,
निवृत्त परिचारिका, राहणार घोरपडी,
पिकलं पान केव्हा गळेल याचा भरवसा नाही, म्हणून...

पान खोडा, म्हटलं.
ससूनमध्ये छत्तीस वर्षं काढली मी.
हिरवी गळतानाही पुष्कळ पाहिली.

घर भाच्याला, अनुग्रहला. ठीक.
बांगड्या दोन, त्याच्या मुलीला.
चौथ्या कलमाशी पेन थांबलं.
"चर्चला दोन लाख. कशासाठी लिहू?
घंटा? फरशी? नाव कोरायचं असेल तर तसं..."

लिहा, संडासासाठी.

ते चष्म्यावरून बघत राहिले.
मग सांगितलं सगळं. की उपासना आठला,
उपदेश पाळकसाहेबांच्या मर्जीवर,
आणि मागच्या तीन बाकांवरच्या आम्ही म्हाताऱ्या
शनिवारच्या रात्रीपासून पाणी तोडतो.
प्रभुभोजनाचा तो घोटभर द्राक्षरससुद्धा
मनात हिशेब करून घेतो.
आवारात आहे एक, विहिरीपलीकडे,
तीन पायऱ्या वर, कडी नसलेला.
मार्थाबाई भांबळ यायच्याच बंद झाल्या.
लोक म्हणाले, विश्वास थंडावला.
विश्वास नाही हो.
मूत्राशय.

बसायचं कमोड लिहा. भिंतीला दांडी,
धरून उठायला. आतून कडी.
नाव कुठंही नको.
(संडासावर कोण नाव लावतं! तेही हसले.)

"बरं, मग दान म्हणून..."
दान नाही. उसनं आहे.

आई गेली तेव्हा मी चौदाची.
बाबांच्या खिशात तेरा रुपये.
पेटी महिला मंडळानं दिली,
आतलं पांढरं कापड, खिळेसुद्धा.
महिन्यानं मी विचारायला गेले, किती झाले?
खजिनदार ओहोळबाईंनी वही उघडली,
ते पान फाडलं, चुलीत सारलं,
आणि त्याच जाळावर चहाचं आधण ठेवलं.
"साखर किती घालू तुला?"
एवढाच आकडा विचारला त्यांनी.

पाटसकर म्हणाले, कर्ज असेल तर कलम वेगळं.
घेणेकऱ्याचं नाव लागेल. रक्कम. पुरावा.

पुरावा चुलीत गेला.
घेणेकरी दफनभूमीत, आईच्या पुढं चार ओळी.
रक्कम माहीत नाही, तीच तर अडचण,
म्हणून दोन लाख.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग "दान" तसंच राहू दिलं, कायद्यापुरतं.

सहीला हात हलला नाही.
साक्षीला त्यांचा कारकून आणि
खालचा झेरॉक्सवाला पोरगा.
त्यानंच हात धरून उतरवलं.
शेवटच्या पायरीवर हळूच विचारलं त्याला,
बाळा, इथं बाईमाणसाला जायची सोय?

"कोर्टात आहे, आजी," तो म्हणाला,
"पण कुलूप असतं."