पाच नंबर

रामदेव गल्लीत हुक्केरींनी काऊंटरवर
तीन खोकी उघडून मांडली,
साडीची घडी मोडावी तशी.
ह्याला वायर, भिंत फोडावी लागते.
ह्याला वायर नाही, सेल वर्षातनं एकदा.
आणि ह्यो सिमवाला, बघा की अक्का,
दार हललं की फोनवर सांगतोय,
तुम्ही गोव्यात असा न्हाईतर गोकाकात.

करंट गेल्यावर?
ते हसले. बाचीकडचं गिऱ्हाईक दिसतंय.
बॅटरी आठ तास.
आमच्यात वारा सुटला की दोन दिवस करंट नसतो,
पण मी बोलले नाही,
भाव अजून पाडायचा होता.

बोटानं उघडणारं कुलूप पण दाखवलं.
मी त्यांना माझी बोटं दाखवली.
नऊ वर्षं काजू फोडतेय,
टरफलाच्या तेलानं ठसे कधीच गेलेत.
आधारवाल्यानं हात टेकले, मशीन कुठलं ओळखणार.

गेल्या महिन्यात सुळगेकरांचं घर फुटलं.
सगळे सौंदत्तीला डोंगरावर.
बोरमाळ गेली, पैंजण गेले,
आणि चोरांनी फ्रिजमधलं दही खाऊन
पातेलं धुऊन पालथं घातलं.
बोरमाळीचं ती एकदाच रडली.
पातेल्याचं अजून सांगते.

माझ्याकडं न्यायला काय?
दोन पाटल्या, शिलाई मशीन,
जमिनीचे कागद, थोडे मराठीत, थोडे कानडीत.
नेलेच तर चोरालाही वकील लागेल.
पण दिवसभर दार बंद,
हे वेर्ण्याला, पोरगी हुबळीत नर्सिंगला,
आणि ते धुतलेलं पातेलं
रात्री डोळ्यांपुढं येतं.

सिमवाला घेतला.
डबा बोलतो पण. इंग्लिश, हिंदी, कन्नड.
चोराला कुठली येते त्यावर हाय, हुक्केरी म्हणाले.
म्हटलं, नुसता भोंगा ठेवा.

आता पाच नंबर सांगा.
एक माझा.
दोन ह्यांचा, रात्रपाळीला लॉकरमध्ये असतो तो.
तीन पोरीचा.
चार म्हणताना
तोंडातनं दिराचा अर्धा नंबर गेलासुद्धा,
मग आठवलं, तारीख आहे सोळाला,
आणि बांधावरनं बोलणं तुटून सहा वर्षं झाली.
खोडा तो.
पाच, शेजारची शिवलीला.
पण तिचा नंबरच नव्हता माझ्याकडं.
अठरा वर्षं भिंतीवरनं हाक मारतेय,
नंबर कशाला लागेल?

संध्याकाळी मागितला तर म्हणाली, याक?
तिलाही पाठ नव्हता.
तिच्या फोनवरनं मला मिस कॉल दिला,
भिंतीच्या ह्या बाजूला वाजला,
दोघी हसत बसलो, भाकरी करपली तिची.

चौथ्या दिवशी, अकरा वाजून दहा मिनिटं,
मी शिनोळीत, पलीकडच्या राज्यात,
घरापासनं तीन किलोमीटर.
कमरेला फोन थरथरला.
मागचं दार. मागचं दार. मागचं दार.
अंगठा टेकते तर फोन उघडेना,
आकडे दाबले तर तेही चुकले,
बोटं काळी, काच काळी,
सुपरवायझर बघतोय.

तेवढ्यात शिवलीलाचाच आला.
अक्का, वारा. नुसता वारा.
कडी नीट बसली नव्हती तुझी.
मी खुरपं घेऊन पळाले,
तर अंगणात तुझा दीर आधीच उभा,
हातात कोयता, पायात एकच चप्पल.
काय बोलला?
काही न्हाई. घरात पण गेला न्हाई.
बाहेरनंच दार ओढलं,
कडीत काटकी घातली आणि गेला.

घरी आले तर काटकी तशीच होती.
करवंदीची, ताजी, चाकूनं तासलेली.
मी ती काढली नाही,
पुढच्या दारानं आत गेले.

सोळाला कोर्टात समोरासमोर बसू.
ॲप मात्र रोज सकाळी विचारतं,
चौथी जागा रिकामी आहे,
भरायची का?
मी नंतर दाबते.