ळ जाताना

आवाज स्वच्छ येतो, बाई म्हणाल्या,
पण अक्षरं पोचत नाहीत.

माहीम, तिसरा मजला, अठ्ठ्याण्णव साल.
हेमांगी केणी. छापायला लागतात ती अक्षरं काढायच्या,
एकेका वेलांटीवर महिना घालवून.
पुण्याच्या छापखान्याला धाडायच्या रात्री अकरानंतर,
एसटीडी पाव दरात असताना.
अर्ध्यावर लाइन तुटायची. बहुधा ळ च्या आसपास,
असं त्यांचं म्हणणं.

मी केबल जॉइंटर. बावीस वर्षं फुटपाथखाली.
टेस्ट फोनवर ऐकायचं काही उरलं नव्हतं:
भांडणं, मटक्याचे आकडे, मयताचे निरोप,
एकदा कुणा मुलाचा एकोणीसचा पाढा, मावशीला म्हणून दाखवलेला.
ऐकू नये असा नियम आहे.
चिमटे लावल्यावर कान कुठे काढून ठेवायचे?

बाईंनी डबा चालू केला. ऐका, म्हणाल्या.
आधी एक लांब, सपाट सूर.
तो एक्स्चेंजसाठी: बाबा रे, प्रतिध्वनी दाबायचं तुझं काम
जरा थांबव, आम्ही दोघं एकाच वेळी बोलणार आहोत.
मग खरखर, पत्रा ओढल्यासारखी.
तीही उगीच नव्हे. जाड, बारीक, सगळे सूर टाकून
दोघं तार तपासतात, कुठला पोचतो, कुठला वाटेत मरतो,
आणि ठरवतात: आज एवढ्याच वेगाने.
माझी तार!
मी निकालाच्या दिवशी उभं राहावं तसा उभा.

एक आणि शून्य तारेतून जात नाहीत.
तारेला आवाज कळतो, तोही मधलाच;
फार खालचा, फार वरचा चाळणीत अडकतो.
म्हणून सूर घ्यायचा, त्याला मुरड घालायची,
करंजीच्या कडेला घालतात तशी, सेकंदाला हजारो.
पलीकडचा मुरडी मोजतो आणि अक्षर उलगडतो.

तक्रारवहीत वेळा पाहिल्या.
सोमवारी अकरा दहा. मंगळवारी बारा. बुधवारी पाऊण.
मी जैतापूरच्या खाडीकाठचा.
हे गणित मला कुणी घालायला नको.
भरती.

इस्माईल आणि मी खाडीपासून शंभर पावलांवर खणलं.
शिशाच्या बाहीला केसाएवढी चीर,
आत तारेवरचा कागद भिजून साय झालेला.
बोलणाऱ्यांना एवढी ओल चालते. मुरडीला नाही.
कढत मेण ओतलं. फेस यायचा थांबेपर्यंत ओतत राहिलो.

वर जाऊन विचारलं, ळ कधी अर्धाच पोचला का? फुटका?
नाही हो. तुकडा बिघडला की पलीकडचा म्हणतो, पुन्हा.
हा पुन्हा देतो. परत बिघडला, परत पुन्हा.
कंटाळत नाहीत?
वेग कमी करतात. अगदीच जमेना तर ठेवून देतात,
पण चुकीचं धरून चालत नाहीत.

मी चहा प्यायलो. बशी ठेवताना वाजली.

ऐंशी साली गावच्या पोस्टातून भावाचा ट्रंक कॉल आलेला.
आबांना बरं नाही, तो म्हणाला.
खरखरीत नाही बुडालं. माझ्यापर्यंत बरं तेवढं आलं.
मीही म्हटलं, बरं.
तीन मिनिटं संपली.

त्या रात्री भरती दीडला होती.
पिलरच्या पेटीपाशी गेलो, चिमटे हातात.
लावले नाहीत. तिसरा मध्ये आला की त्यांचं तुटतं.
खाडी वर चढत होती, मेणाच्या आतला कागद कोरडा होता,
निदान मी तसं समजत होतो.

तिसऱ्या मजल्यावरून बाई वाकून काहीतरी बोलल्या.
वारा होता. शब्द लागला नाही.
मान हलवून निघणार होतो, सवयीने.

काय? मी वर बघून म्हटलं.
पुन्हा सांगा.