एकच कुत्रा

दारखानच्या शिक्षण कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
गरम पाण्याच्या नळीला पाठ टेकून मी बसते.
माणसं येतात, कागद ठेवतात,
कागद खरा आहे का, ते मी बघते.
माणूस खरा आहे का बघणारं खातं वेगळं असावं.
मला ते अजून सापडलेलं नाही.

त्या दिवशी उणे एकतीस होतं.
ओचिरखुयाग आत आला तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या होत्या,
चहा संपेपर्यंत काळ्या झाल्या,
तेव्हा कळलं, पोरगा सव्विशीचाच आहे.
अंगातल्या लांब देलच्या आतून, छातीपाशी ऊब देऊन ठेवलेलं
प्रमाणपत्र त्यानं काढलं,
थंडीत अवेळी जन्मलेलं कोकरू काढतात तसं.

जाड कागद. सोनेरी मोहोर, दोन गरुड, एक लॅटिन ओळ.
इंग्रजी-शिक्षक प्रशिक्षण, एकशेवीस तास.
खाली बारीक अक्षरात :
जागतिक मान्यता परिषदेची मान्यता.
किती दिवसांत केलंत?
चार, म्हणाला.
मी बोटांवर मोजू लागले.
तो माझी बोटं बघत राहिला.
चार दिवसांत तास शहाण्णवच असतात,
अगदी झोपलं नाही तरी.

कुणासमोर वर्ग घेतलात? मागे बसून कुणी पाहिलं?
नाही. पण पैसे भरल्याची पावती आहे.
पावतीवरचा आकडा मी मनातल्या मनात मेंढ्यांत केला,
इथं सगळेच करतात. बावीस.
‘वडिलांनी विकल्या. त्यातली एक गाभण होती,’
न विचारता तो म्हणाला.

संस्थेला फोन लावला.
गृहस्थ गोड बोलले, जरा घाईत.
मागे कुत्रा भुंकत होता, घोगरा :
तीनदा, मग थांबून एकदा.
मग परिषदेला लावला. दुसरा नंबर, दुसरा देश.
दुसरे गृहस्थ, जाड आवाज काढून,
संस्था किती नामांकित, ते सांगू लागले.
आणि मागे
तीनदा.
मग थांबून एकदा.

फोन मी स्पीकरवर टाकला होता.
तसं करायला हवं होतं का, अजून ठरत नाही.
मेंढपाळाच्या पोराला कुत्र्याचा आवाज
मी काय ओळखून देणार?
त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.
‘घसा बसलाय त्याचा,’ म्हणाला,
‘कुणी बघत नाही वाटतं त्याच्याकडे.’

माझ्या पाठीमागच्या भिंतीवर मंत्रालयाची यादी आहे.
मान्यता देणाऱ्यांना मान्यता कुणी दिली,
ते तिच्यात फुकट वाचता येतं.
लोक पैसे भरून झाल्यावर वाचतात.
यादी दारापाशी, खाली, डोळ्यांच्या उंचीवर लावा,
असं मी तीन साहेबांना सांगितलं.
तिघांनी मान हलवली.

‘अमान्य’चा शिक्का गुळगुळीत कागदावर वाळेना.
तोच फुंकर घालत बसला,
आपल्याच कागदावर, बराच वेळ.

मार्चअखेर पुन्हा आला. बर्फ काळं पडलं होतं.
हातात सायंकाळच्या अध्यापक विद्यालयाचा अर्ज,
दोन वर्षांचा, अजून न भरलेला.
‘तुम्ही फोन लावा,’ म्हणाला, ‘मी मागचं ऐकतो.’

पुष्कळ वेळ घंटी वाजली.
एक बाई वैतागून म्हणाल्या,
फोनवर काही सांगता येत नाही, लेखी विचारा,
तीन आठवडे लागतील, आणि आज खिडकी बंद आहे.
ठेवला त्यांनी.

ओचिरखुयाग पहिल्यांदा हसला.
‘हे खरं आहे,’ म्हणाला,
आणि माझं पेन मागून घेतलं.